भरून ठेवलेली सिरिंज: तीव्र सांधेदुखीत दाहशामक इंजेक्शनाच्या वापराचे एक प्रकरण

हे प्रकरण एकाच रुग्णाचे आहे आणि त्यात एकाच इंजेक्शनाविषयी दोनदा निर्णय घ्यावा लागला. पहिल्या वेळी आम्ही ते दिले नाही. सात महिन्यांनी त्याच रुग्णाला तेच औषध, त्याच मात्रेत दिले. दोन्ही वेळी दुखणे सारखेच असह्य होते आणि आजारही एकच होता: गाउट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून अचानक येणारी सूज. फरक होता तो रुग्णाच्या शरीरात त्या क्षणी आधीच काय काय चालले होते याचा, आणि तो फरक केवळ सुजलेला सांधा पाहून कळण्यासारखा नव्हता. तो विचारूनच काढावा लागला.

पहिली भेट

एकसष्ट वर्षांचे हे गृहस्थ सकाळी दहाच्या सुमारास दोघांच्या आधाराने आत आले. उजवा गुडघा सुजून दुप्पट झाला होता, वरची कातडी ताणून चकाकत होती आणि पायावरून पँटचे कापड सरकले तरी ते कळवळत होते. आदल्या दिवशी पहाटे तीनला या दुखण्यानेच त्यांना जाग आली होती आणि सकाळ होईपर्यंत ते कळसाला पोहोचले होते. तीन वर्षांपूर्वी पायाचा अंगठा असाच रातोरात सुजला होता आणि तेव्हा एका इंजेक्शनाने आराम पडला होता, ही आठवण त्यांच्या मनात पक्की बसली होती. खुर्चीत टेकता टेकताच ते म्हणाले, "डॉक्टर, बाकी काही नको. मागच्या वेळचं ते इंजेक्शन द्या, तासाभरात मी चालायला लागेन."

रक्तदाबासाठी ते रोज रामिप्रिल ५ मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम घेत होते. मधुमेह नव्हता, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कधी झालेला नव्हता, दम्याचा त्रास नव्हता. दुखण्यावर अजून काही घेतले आहे का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, "विशेष काही नाही."

आमच्या निवासी डॉक्टरांनी एवढ्या माहितीवर डायक्लोफेनॅक या दाहशामकाची ७५ मिलिग्रॅमची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली होती. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण समोर माणूस विव्हळत असताना हात आधी वेदनाशामकाकडेच जातो, आणि मीही त्या सकाळी त्याच घाईत होतो. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने पिशवीतून औषधे काढून टेबलावर मांडली. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅमच्या पट्टीतल्या दोन गोळ्या संपलेल्या होत्या. दुसऱ्या एका पट्टीचा तुकडा होता. नाव कापले गेल्यामुळे त्यावर अर्धीच अक्षरे उरली होती, मात्र मागच्या बाजूला ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असे वाचता आले. तिसरी होती ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, रोज न्याहारीनंतर घेण्याची. ती कोणी आणि कशासाठी सुरू केली होती हे दोघांनाही आठवत नव्हते. मग त्या बाईच सांगू लागल्या: "काल पहाटे तीनला यांनी एक घेतली, सातला दुसरी. दुपारी एकला दुसऱ्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन दिलं. रात्री आठला आणि आज सकाळी सहाला तिथली गोळी. आणि त्याच्या आधी दोन दिवस जुलाब चालू होते, ते सांगायचं राहिलं."

दुपारच्या इंजेक्शनाचा कागद त्यांच्याकडे होता. ते डायक्लोफेनॅकच होते, ७५ मिलिग्रॅम.

म्हणजे सत्तावीस तासांत आयब्युप्रोफेनच्या दोन, डायक्लोफेनॅकची एक आणि ॲसिक्लोफेनॅकच्या दोन, अशा एकाच दाहशामक वर्गातील औषधांच्या पाच मात्रा पोटात आणि स्नायूत गेल्या होत्या, शिवाय ॲस्पिरिन वेगळी. रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी गोळी म्हणजे साधे औषध आणि इंजेक्शन म्हणजे खरे औषध, त्यामुळे "विशेष काही नाही" हे त्यांचे उत्तर त्यांच्यापुरते बरोबरच होते. चूक प्रश्नाच्या शब्दांत होती. "काही घेतलंय का" असे विचारण्याऐवजी "दुखणं सुरू झाल्यापासून आतापर्यंत कोणकोणत्या गोळ्या, कोणत्या वेळी, आणि सुई कुठे टोचली" असे विचारले असते, तर पिशवी आधीच उघडली गेली असती.

पुढचा प्रश्न लघवीचा होता. आदल्या संध्याकाळपासून एकदाच झाली होती, थोडी आणि गडद. जीभ कोरडी होती. रक्तदाब १०४/६६ होता, जो या माणसासाठी कमी होता. ताप ३८.१ अंश सेल्सिअस होता. मी सिरिंज बाजूला ठेवायला सांगितली आणि रक्त तपासणीला पाठवले.

इंजेक्शन म्हणजे वेगळे औषध नव्हे

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण या प्रकरणातील बहुतेक घोळ तिच्यातून उभा राहिला. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन आणि डायक्लोफेनॅकची गोळी हे एकच औषध आहे. स्नायूत टोचल्यावर रक्तातील पातळी साधारण वीस मिनिटांत शिखर गाठते, तर आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या गोळीला त्यासाठी दोन तासांच्या आसपास लागतात. फायदा काय तो एवढ्या आघाडीचा. ती आघाडी खरी आहे आणि पहाटे तीनपासून तळमळणाऱ्या माणसाला ती मोलाची वाटते, हेही खरे. पण औषध रक्तात पोहोचल्यावर ते कोणत्या वाटेने आले याला महत्त्व उरत नाही. गाउटच्या झटक्यात किटोरोलॅकचे स्नायूतील इंजेक्शन आणि इंडोमेथासिनची तोंडावाटे मात्रा यांची तुलना केलेल्या चाचणीत दोन्हींचा आराम सारखाच आढळला होता.

ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की ॲस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होण्याची प्रक्रियाच अडवतात. या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सांध्यातील सूज, उष्णता आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिने आणि जठराच्या आतील अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने यांच्या निर्मितीचा मार्ग बराचसा सामायिक असल्यामुळे, एकीकडे आराम देणारे औषध दुसरीकडे जठराचे संरक्षण काढून घेते. म्हणून "पोटाला त्रास होतो, त्यापेक्षा इंजेक्शन द्या" ही विनंती कितीही समजण्यासारखी असली तरी तिला आधार नाही. सुईने जठर वगळले जात नाही; रक्तातून औषध तेथेही पोहोचतेच. व्रण किंवा रक्तस्राव पूर्वी झालेला असेल, तर गोळीसाठी जो नकार, तोच इंजेक्शनासाठी.

मूत्रपिंडाची गोष्ट आमच्या रुग्णाच्या बाबतीत अधिक तातडीची होती. मूत्रपिंडातील प्रत्येक सूक्ष्म गाळणीला रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. शरीरातील पाणी कमी झाले, की रक्त आणणारी धमनी सैल ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिने करतात आणि बाहेर नेणारी धमनी आवळून धरण्याचे काम अँजिओटेन्सिन नावाचे संप्रेरक करते. या दोन्हींच्या जोरावर गाळणीतला दाब टिकतो आणि लघवी तयार होत राहते. आता या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. जुलाबांनी पाणी गेले होते. हायड्रोक्लोरोथायाझाइड उरलेले पाणी आणि मीठ लघवीवाटे काढत होते. रामिप्रिल अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे बाहेर नेणारी धमनी आवळली जात नव्हती. आणि पाच मात्रांच्या दाहशामकामुळे रक्त आणणारी धमनी सैल राहत नव्हती. गाळणीला सांभाळून घेणाऱ्या सगळ्या वाटा एकाच वेळी बंद झाल्या होत्या. यातील एकेक औषध स्वतंत्रपणे पाहिले तर चुकीचे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच हा धोका कोणाच्या सहज लक्षात येत नाही.

तासाभराने अहवाल आला. मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साचणारे क्रिएटिनीन दर डेसिलिटरला १.९ मिलिग्रॅम होते. चार महिन्यांपूर्वीच्या जुन्या कागदावर ते १.१ होते. पोटॅशियम ५.४. क्रिएटिनीनवरून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ४० मिलिलिटर येत होती, परंतु क्रिएटिनीन चढत असताना हे सूत्र खऱ्यापेक्षा बरे चित्र दाखवते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. युरिक ॲसिड ६.८ होते, जे झटक्याच्या वेळी खाली उतरलेले असू शकते आणि म्हणून निदानासाठी फारसे कामाचे नसते.

ट्रेमधली सिरिंज टाकून दिली.

ताप आणि गुडघ्यातले पाणी

दुसरा प्रश्न तापाचा होता. पूर्वी गाउट झालेल्या माणसाचा सांधा सुजला की तो गाउटच, असे धरून चालणे सोपे असते. पण स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात एकाच वेळी सापडू शकतात, आणि जंतुसंसर्ग झालेला सांधा काही दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो. आदल्या दुपारी पहिल्या दवाखान्यात ताप नव्हता असे कागदावर लिहिलेले होते. ते लिहिणाऱ्याने नीट मोजूनच लिहिले असणार, परंतु त्याआधी सकाळी सातला आयब्युप्रोफेनची गोळी गेलेली होती, ती ताप उतरवते, आणि ही गोष्ट तेथे कोणाला ठाऊक नव्हती. दाहशामकाने ताप उतरणे किंवा दुखणे निम्म्यावर येणे ही संसर्ग नसल्याची खूण मानता येत नाही. सुजलेल्या मोठ्या सांध्यात निदान नक्की नसताना आधी पाणी काढून तपासावे आणि मग दाह दाबावा, असे माझे ठाम मत आहे.

गुडघ्याच्या बाहेरच्या वरच्या बाजूने, वाटीच्या मागे सुई घालून आम्ही २८ मिलिलिटर पाणी काढले. ते पिवळसर आणि गढूळ होते. सिरिंजमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे त्यातून वाचता येत नव्हती. नुसते पाणी निघाल्यावरच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण ताणलेल्या आवरणाची वेदना तेवढ्यानेही कमी होते. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला २४,००० होत्या आणि ग्रॅम रंजनात, म्हणजे जंतू रंगवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू दिसले नाहीत. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले, काही पांढऱ्या पेशींच्या आत अडकलेले, आणि ठरावीक दिशेला पिवळे चमकणारे. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये सांध्यातील पाण्यात युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) स्फटिक असे ओळखता येतात हे दाखवले, तेव्हापासून गाउटचे निदान अंदाजावर सोडण्याची गरज उरलेली नाही.

पेशींची संख्या एवढी जास्त असल्यामुळे संसर्ग पूर्णपणे बाजूला सारता येत नव्हता. रक्त आणि सांध्यातले पाणी दोन्ही जंतुवाढीच्या परीक्षेला पाठवले. प्रकृती एकूण स्थिर होती, त्यामुळे प्रतिजैविकाची तयारी ठेवून वाट पाहायचे ठरले. पहिले अठ्ठेचाळीस तास शिरेतून सलाईन, पॅरासिटामॉल, सांध्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ, पायाखाली उशी आणि रात्रीपुरता ट्रॅमाडॉल थोड्या मात्रेत, एवढेच दिले. रामिप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड थांबवले. कोल्चिसिन हे गाउटचे जुने आणि चांगले औषध आहे, पण मूत्रपिंड मंदावलेले आणि पोट आधीच बिघडलेले असताना ते जपून द्यावे लागते, म्हणून तेही बाजूला ठेवले.

ते दोन दिवस त्यांना कठीण गेले आणि ते मी येथे लपवून ठेवत नाही. त्यांना इंजेक्शन हवे होते, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला ते मिळाले होते, आणि "मला का नाही" हा प्रश्न त्यांनी प्रत्येक फेरीला विचारला. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी क्रिएटिनीनचे दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले आणि चार महिन्यांत आकडा कसा बदलला ते बोटाने दाखवले. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. लघवी किती झाली ते मात्र स्वतःहून सांगू लागले. एका सहकाऱ्याने किटोरोलॅक सुचवले होते. ते नाव वेगळे असले तरी वर्ग तोच आहे. दुसऱ्या दाहशामकासोबत ते देऊ नये, पासष्टच्या पुढे, पन्नास किलोखालील वजनाला किंवा मूत्रपिंडाची क्षमता कमी असल्यास त्याची मात्रा उतरवावी लागते, आणि गोळी व इंजेक्शन मिळून पाच दिवसांपलीकडे ते वापरायचे नाही. युरिक ॲसिड लघवीवाटे काढण्यासाठी प्रोबेनेसिड घेणाऱ्या गाउटच्या रुग्णाला तर ते देताच येत नाही, कारण त्याने किटोरोलॅकची रक्तातली पातळी खूप चढते.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनीन १.६ वर आले. अठ्ठेचाळीस तासांनी जंतुवाढ झालेली नाही असा अहवाल आला, ताप उतरला होता, आणि गुडघ्यात ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीला हात लावून स्नानगृहापर्यंत गेले. स्टिरॉइडमुळे तीन दिवस रक्तातील साखर २३० पर्यंत चढली. तीन महिन्यांची सरासरी ६.३ टक्के निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ही नोंद पुढे कामी आली. पाचव्या दिवशी क्रिएटिनीन १.२ आणि पोटॅशियम ४.६ असताना त्यांना घरी सोडले.

हायड्रोक्लोरोथायाझाइड युरिक ॲसिड वाढवते, म्हणून त्याऐवजी अम्लोडिपिन सुरू केले. कमी मात्रेतील ॲस्पिरिनही युरिक ॲसिड थोडे वाढवते आणि या माणसाला तिची गरज असल्याचा कोणताही पुरावा सापडला नाही, म्हणून ती बंद केली. रामिप्रिल दोन आठवड्यांनी तपासणी करून पुन्हा दिले. दीड महिन्याने युरिक ॲसिड उतरवणारे ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू केले आणि सोबत रोज कोल्चिसिनची ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी दिली, कारण युरिक ॲसिड उतरू लागले की पहिल्या काही महिन्यांत झटके येतात. युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवायचे हे लक्ष्य ठरले.

सात महिन्यांनंतर

जांघेतल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री डाव्या पायाचा अंगठा सुजला. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत गाउटचा झटका येणे नवलाचे नाही: उपास, पाण्याची घट आणि शरीरावरचा ताण, सगळे एकत्र येते. भुलीनंतर सुरू झालेली मळमळ थांबली नव्हती, दोनदा उलटी झाली होती, संध्याकाळची कोल्चिसिनची गोळीही बाहेर पडली होती. सकाळी मी पोहोचलो तेव्हा पायावरची चादर उशांचा आधार देऊन उचलून धरलेली होती, म्हणजे तिचा स्पर्श अंगठ्याला होणार नाही.

या वेळी त्यांनी इंजेक्शन मागितले नाही. "चालण्यासारखं असेल तरच द्या," एवढेच म्हणाले.

ते चालण्यासारखे आहे का, हे पाहायला दहाएक मिनिटे लागली. ताप नव्हता, ३७.२ अंश, जखम कोरडी आणि स्वच्छ होती, अंगठ्याचा हा झटका त्यांच्या पहिल्या झटक्याची हुबेहूब नक्कल होता. सकाळच्या रक्तात क्रिएटिनीन १.१, पोटॅशियम ४.३ आणि रक्तबिंबिकांची संख्या पुरेशी होती. सलाईन चालू होते आणि रात्रभरात लघवी नीट झाली होती. रामिप्रिल शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळपासून थांबवलेले होते आणि ते आणखी काही दिवस थांबवायचे ठरवले. शस्त्रक्रियेपासून त्यांना कोणतेही दाहशामक दिलेले नाही, हे औषधांच्या तक्त्यावरून एकेक ओळ वाचून पाहिले. भूल देताना वापरलेल्या औषधांची यादीही पाहिली, कारण कित्येकदा तेथेच एक मात्रा गेलेली असते आणि ती खाटेजवळच्या तक्त्यावर उतरत नाही. रक्त पातळ करणारे हेपारिन दिलेले नव्हते. ते दिले असते तर स्नायूत सुई टोचणे टाळले असते, कारण तेथे रक्त साकळते. रक्तस्रावाच्या दृष्टीने हरकत नाही, असे शल्यचिकित्सकांनी जखम पाहून सांगितले. इसीजी पूर्ववत होता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सिद्ध आजार, पक्षाघाताचा इतिहास किंवा हृदयक्षीणता असलेल्या रुग्णाला डायक्लोफेनॅक देऊ नये, असे युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये स्पष्ट केलेले आहे. यांपैकी काही असते, तर बाकी सगळे चांगले असूनही उत्तर नाही असेच आले असते. ॲस्पिरिन किंवा कोणत्याही वेदनाशामकाने कधी धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले असे झाले नव्हते. रुग्ण स्त्री असती आणि वय बसत असते, तर गरोदरपणाचा प्रश्न याच ठिकाणी विचारला असता, कारण विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे टाळायची असतात.

स्टिरॉइडचाही पर्याय होता. परंतु मागच्या वेळी चढलेली साखर आणि ताजी जखम लक्षात घेता दाहशामकाची एकच मात्रा मला अधिक योग्य वाटली. आणि इंजेक्शनच का, याचे उत्तर या वेळी सरळ होते: गोळी पोटात टिकत नव्हती. त्या दिवशी उलटी नसती, तर मी गोळीच दिली असती.

सुई टोचताना

डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम. कुपीवरचे लेबल दोघांनी वाचले, कारण ही मात्रा काही तयार इंजेक्शनांत ३ मिलिलिटरमध्ये असते आणि काहींत १ मिलिलिटरमध्ये, आणि टोचण्याची जागा व पद्धत त्यानुसार बदलते. आमच्याजवळची कुपी ३ मिलिलिटरची होती. ती स्नायूतच खोल द्यायची असते. अशी कुपी शिरेतून एका दमात ढकलायची नसते. दुसरे कोणतेही औषध त्याच सिरिंजमध्ये घेतले नाही. दोन औषधे एकाच टोचणीत उरकण्याची सवय सोयीची वाटते, पण हे औषध मिसळण्यासाठी नाही.

त्यांना उजव्या कुशीवर वळवले, वरचा गुडघा थोडा दुमडून ठेवला, म्हणजे नितंबाचा स्नायू सैल पडतो. नितंबाचे मनातल्या मनात चार भाग करून वरचा बाहेरचा भाग निवडला. आतल्या आणि खालच्या बाजूने पायाचा मोठा मज्जातंतू जातो आणि त्याला सुई लागली तर पाऊल लुळे पडू शकते. परिचारिकेने जागा पुसून ती कोरडी होऊ दिली, सुई सरळ, पूर्ण खोलीपर्यंत घातली, दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येत नाही हे पाहिले, आणि मग सावकाश, एका मिलिलिटरला दहा सेकंद या हिशेबाने औषध सोडले. "आता काही जास्त दुखतंय का?" असे तिने मध्येच विचारले. हा प्रश्न केवळ धीर देण्यासाठी नसतो. औषध रक्तवाहिनीत किंवा तिच्या अगदी लगत गेले, तर त्याच क्षणी भयंकर कळ येते, भोवतीची कातडी आधी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते, आणि पुढे तो भाग सडू शकतो. निकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही गुंतागुंत १९२० च्या दशकात उपदंशावरील बिस्मथच्या इंजेक्शनांनंतर वर्णिली गेली आणि डायक्लोफेनॅकनंतरही ती होते. ती विरळ आहे, पण तशी कळ आल्यास तेथल्या तेथे थांबायचे असते, उरलेले औषध संपवण्याचा आग्रह धरायचा नसतो. तशी कळ आली नाही. जागा चोळली नाही.

पुढचा अर्धा तास परिचारिका दहा-दहा मिनिटांनी येऊन नाडी, रक्तदाब आणि टोचलेली जागा पाहून गेली. ॲड्रिनॅलिनची कुपी त्याच ट्रेमध्ये होती. ॲलर्जीचा झटका आलाच तर प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्यायचे, हे ट्रेवरच्या कागदावर लिहिलेले होते. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी पायाचे बोट हलवून दाखवले.

तक्त्यावर औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि टोचलेली बाजू लिहिली, आणि त्याखाली लाल शाईने एक ओळ: रात्री नऊपर्यंत दुसरे कोणतेही दाहशामक नाही. चोवीस तासांत कमाल १५० मिलिग्रॅम आणि दोन दिवसांपलीकडे इंजेक्शन नाही, ही डायक्लोफेनॅकची मर्यादा आहे, आणि दुसरी मात्रा लागलीच तर ती दुसऱ्या बाजूला द्यायची. ती लागली नाही. जठराच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्रॅझॉल शिरेतून दिले. दुपारनंतर मळमळ ओसरली, संध्याकाळी पेज पोटात राहिली, आणि रात्री नऊनंतर नॅप्रोक्सेन या दाहशामकाची गोळी जेवणासोबत सुरू केली, दिवसातून दोनदा, चार दिवस. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनीन १.१ होते आणि सातव्या दिवशी १.२. टोचलेल्या जागी गाठ नव्हती, कातडीचा रंग नेहमीसारखा होता. नॅप्रोक्सेनच्या गोळ्या संपल्यावरच रामिप्रिल पुन्हा सुरू केले.

टाके पाहायला आले तेव्हा त्यांच्या खिशात घडी केलेला एक कागद होता. त्यावर त्यांच्या पत्नीच्या अक्षरात चार ओळी होत्या: रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे, मागच्या वेळचे आणि आताचे क्रिएटिनीन, "जुलाब किंवा उलटी झाली तर रामिप्रिल थांबवून डॉक्टरांना विचारणे", आणि शेवटच्या ओळीत या आठवड्यात घेतलेल्या प्रत्येक वेदनाशामकाची तारीख व वेळ. शेवटची नोंद आदल्या रविवारी सकाळी नऊची होती.